वागळे इस्टेटवरून जाणाऱ्या पक्ष्यांची नोंद होते, आपल्या गावातल्या पक्ष्यांची का नाही? बेटावरचे पक्षीगट नेमकं काय करतात, समजून घ्या

वागळे इस्टेट (ठाणे) : मुरबाड, शहापूर, भिवंडीकडून वागळे इस्टेटला कामाला जाणारी माणसं कमी नाहीत. सकाळची गाडी, ठाणे स्टेशन, तिथून बस नाहीतर शेअर रिक्षा, आणि अंधार पडायच्या वेळी परत. या रोजच्या जाण्यायेण्यात आपण एका बेटावर जाऊन येतो, हे मात्र फारसं कोणाच्या ध्यानात येत नाही. मुंबईची उपनगरं आणि जुनं ठाणे शहर साष्टी बेटावर वसलेलं आहे. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली रेल्वे ठाण्यालाच थांबली. खाडीवर पूल होऊन गाडी कल्याणला पोचायला १८५४ साल उजाडलं. आता पूल इतके झालेत की बेट आहे हे कळतच नाही.

पक्ष्यांना मात्र ते कळतं. वागळे इस्टेटच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. पूर्वेला थोड्याच अंतरावर खाडी, तिवरं आणि चिखल. मधल्या पट्ट्यात कारखाने, ऑफिसांच्या काचेच्या इमारती, किसननगरची दाट वस्ती आणि रायलादेवी तलाव. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला खारं पाणी, आणि दोन्हींत जेमतेम काही किलोमीटर. त्यामुळे कंपनीच्या गेटवर चहा पिता पिता वर बघितलं तर घारी दिसतात, तलावाच्या कडेला वंचक आणि खंड्या बसलेला असतो, आणि तिन्हीसांजेला बगळ्यांच्या रांगा झोपायच्या झाडाकडे निघालेल्या असतात.

हे बघणारे, मोजणारे आणि लिहून ठेवणारे गट ठाण्यात, मुंबईत आणि आता कल्याण-डोंबिवलीतही आहेत. गावाकडे त्यांच्याबद्दल एक समज पक्का आहे : गळ्यात दुर्बीण, लाख रुपयांचा कॅमेरा, रिकामटेकड्या श्रीमंतांचा छंद. थोडं खरंही आहे. कॅमेरा मिरवायला येणारेही असतात. पण या गटांचं खरं काम फोटो काढणं नाही. ते काम वहीचं आहे.

रविवारी सकाळी काय चालतं?

साधारण सहा-साडेसहाला पाच-पंचवीस माणसं एका ठिकाणी जमतात. येऊर असेल तर गेटपाशी, खाडी असेल तर भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला. कपडे मातीच्या किंवा पानाच्या रंगाचे, पांढरे किंवा भडक नाहीत. दोन-तीन जाणकार असतात, बाकीचे नवखे : शाळेची पोरं, बँकेतून रिटायर झालेले काका, कंपनीत शिफ्ट करून थेट आलेला एखादा कामगार. दोन-तीन तासांत फार तर दोन किलोमीटर चालणं होतं. थांबायचं, ऐकायचं, मग बघायचं. बरेचसे पक्षी आधी कानाला कळतात. तांबटाचं तांबं ठोकल्यासारखं टुकटुक, पावशाची पावसाच्या तोंडावरची हाक, भारद्वाजाचा घुमणारा आवाज. गावातल्या माणसाला यातलं निम्मं लहानपणापासून माहीत असतं. फक्त ते ज्ञान आहे, हे कोणी त्याला सांगितलेलं नसतं.

एक जण लिहीत असतो. कुठली जागा, किती वाजता सुरुवात केली, किती वाजता संपवली, कोणता पक्षी, किती. शेवटी चहा-वडापाव खाताना यादी वाचून दाखवतात. एखाद्या नावावर वाद होतो. ज्याची खात्री नाही ते नाव खोडलं जातं. हा खोडण्याचा नियम फार महत्त्वाचा. दहा पक्षी खात्रीचे लिहिले तर ती नोंद उपयोगाची, पन्नास अंदाजाने लिहिले तर रद्दी.

वर्षाचे काही दिवस ठरलेले असतात. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, ती भारतात १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक मोजणी असते, तिला किमान पंधरा मिनिटं दिली तरी पुरतात आणि ती घराच्या पडवीतूनही करता येते. २० मार्चला चिमणी दिवस. तो नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेच्या पुढाकाराने २०१० पासून साजरा होतो. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला राज्याचा पक्षी सप्ताह. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अली यांचा. मुंबईत २००५ पासून ‘बर्ड रेस’ही सुरू झाली. छोट्या टोळ्या करून पहाटेपासून अंधार पडेपर्यंत जास्तीत जास्त जाती शोधायच्या, आणि रात्री जेवताना सगळ्यांच्या याद्या जुळवायच्या.

संक्रांतीच्या आसपास काम वेगळं असतं. मांज्यात अडकलेले पक्षी सोडवणं, झाडावरचा मांजा काढणं, शाळेत जाऊन नायलॉनच्या मांज्याबद्दल सांगणं. त्या मांज्यावर बंदी आहे, तरी तो मिळतो. ठाण्यात गणपतीनंतर तलावाकाठ साफ करायला उतरणाऱ्यांतही ही मंडळी असतात.

यादीचं एवढं काय?

साष्टी बेटावरच्या पक्ष्यांची यादी आजची नाही. सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली या दोघांनी मुंबई आणि साष्टीतल्या पक्ष्यांची सविस्तर नोंद १९३० च्या दशकातच लिहून काढली. ती १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या, म्हणजे बीएनएचएसच्या नियतकालिकात आली. तेव्हा वागळे इस्टेट नव्हतंच. एमआयडीसी १९६२ ची, आणि वागळे ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. म्हणजे कारखाने यायच्या आधी या बेटावर काय होतं आणि आता काय आहे, हे ताडून बघायची सोय आहे.

आता खाडीच्या अलीकडे या. भिवंडीच्या भाताच्या खाचरांवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत किती गोदामं उभी राहिली, ते सगळ्यांनी बघितलं. त्या खाचरांत पावसाळ्यात कोणते पक्षी उतरायचे, बांधावर टिटवी किती ठिकाणी अंडी घालायची, हे जुन्या माणसांच्या बोलण्यात आहे, कागदावर फारसं नाही. उद्या कोणी विचारलं की इथे काय होतं, तर उत्तर येतं, ‘भरपूर पक्षी होते’. कोर्टात, सुनावणीत, कलेक्टर ऑफिसात ‘भरपूर’ या शब्दाला किंमत नसते. तिथे तारीख, जागा आणि आकडा लागतो.

आकड्याने काय होतं ते ठाण्याच्या खाडीनेच दाखवलं.

फ्लेमिंगोची गोष्ट

फ्लेमिंगो, ज्याला आपल्याकडे रोहित किंवा अग्निपंख म्हणतात, तो १९९० च्या दशकापासून ठाणे आणि शिवडीच्या चिखलात मोठ्या संख्येने यायला लागला. दोन जाती येतात, मोठा आणि छोटा. छोटा जास्त. खाडीच्या चिखलात आणि पाण्यात वाढणारं हिरवं-निळं शेवाळ हे त्याचं मुख्य खाणं. चोच पाण्यात उलटी घालून तो चाळणीसारखं पाणी गाळतो. जीपीएस यंत्र बसवलेल्या काही फ्लेमिंगोंचा माग काढला तेव्हा ते इथून गुजरातकडे, भावनगर आणि कच्छच्या बाजूला गेल्याचं दिसलं. बीएनएचएसच्या मोजणीत खाडीतली संख्या एक लाखाच्या वर गेलेली आहे.

वर्षानुवर्षांच्या अशा नोंदी हाताशी होत्या. ऑगस्ट २०१५ मध्ये सरकारने ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यातलं ८९६ हेक्टर तिवरांचं आणि बाकी पाणी. मालवणनंतर समुद्राशी संबंधित हे राज्यातलं दुसरं अभयारण्य. २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. महाराष्ट्रातून त्याआधी नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार या दोनच जागा होत्या. ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे, तिथून हंगामात बोटीने फ्लेमिंगो बघायला नेतात. बोटीची वेळ घड्याळाप्रमाणे ठरत नाही, भरतीप्रमाणे ठरते.

इथेच खरी मेख आहे. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा फ्लेमिंगो खाडीत खातात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो. मग ते उडून नवी मुंबईच्या किनाऱ्यावरच्या उथळ तळ्यांत जाऊन उभे राहतात, पाणी उतरेपर्यंत. नेरूळ-सीवूड्सची ही तळी अभयारण्याच्या हद्दीत नव्हती. म्हणजे ताट राखलं, अंथरुण मोकळंच. या तळ्यांत खाडीचं पाणी येण्याचे मार्ग बंद झाल्याची तक्रार पक्षीमित्रांनी वारंवार केली. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून जास्त फ्लेमिंगो एका रात्रीत मेले. ते तिथे त्या वेळी का होते यावर मतं वेगवेगळी आहेत. पण कोणत्या तळ्यात कोणत्या महिन्यात किती पक्षी उभे असतात, हे लोकांनी मोजून ठेवलं होतं, म्हणून त्या तळ्यांचा विषय मिटवता आला नाही.

भरतीचं गणित मोबाईलवर मिळतं, पण कोळीवाड्यातली जुनी रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडं उशिरा चढतं, एवढं लक्षात ठेवायचं. फ्लेमिंगो बघायचे तर या हिशोबाने जा, नाहीतर नुसतं पाणी बघून परत यायची वेळ येते.

तुमच्या तालुक्यात काय आहे?

शहापूरवाल्यांनी हे जरूर वाचावं. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर कोणाला दिसलं नव्हतं. ते संपलं असंच धरून चालले होते. तब्बल ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, ते नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडलं. आणि २०१४ मध्ये तेच घुबड तानसा अभयारण्यात दिसल्याची नोंद झाली. मुंबईला पाणी पाठवणाऱ्या तलावाच्या जंगलात, आपल्या जिल्ह्यात. ते २०१४ मध्ये अचानक उडून आलं असेल असं नाही. बघून ओळखणारा आणि लिहिणारा माणूस तेव्हा तिथे पोचला.

कल्याणला गांधारी पुलाजवळचा उल्हास नदीचा काठ आणि डोंबिवलीजवळचं निळजे तलाव इथे शहरातली मंडळी सुट्टीच्या दिवशी दिसतात. मुरबाडला बारवी धरणाचा फुगवटा आहे. पण गावाच्या विहिरीवरच्या झाडाला लटकलेली सुगरणीची घरटी मोजायला कोणी मुंबईहून येणार नाही. ते गावानेच करायचं. खरं तर सुरुवातीला तेवढंच पुरे. दर पावसाळ्यात, त्याच झाडावर, त्याच आठवड्यात घरटी किती. नर सुगरण भाताच्या पातीच्या चिरफळ्या काढून घरटं विणतो. भात कमी झालं, झाड तुटलं की आकडा लगेच बोलतो.

देशपातळीवर हेच झालं आहे. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला. त्यासाठी ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी वापरल्या. ९४२ जातींचा अभ्यास झाला, त्यातल्या १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं निघालं. मोर वाढतोय हे त्यात आहे, आणि ते शेतकऱ्याला सांगायला अहवालाची गरज नाही. पण नीळकंठ कमी होतोय हेही त्यात आहे. पावसाळा संपला की विजेच्या तारेवर बसलेला, उडाला की निळ्या पंखांनी डोळे दिपवणारा नीळकंठ. तुमच्या शिवारात यंदा किती दिसले? पाच वर्षांपूर्वी किती होते? याचं उत्तर बहुतेक गावांत कोणाकडे नाही.

गिधाडांचं आठवा. पूर्वी मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की काही तासांत सांगाडा उरायचा. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णव संपली. कारण सापडलं, २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बनवायला बंदी आली. पण आपल्या गावातली शेवटची गिधाडं नेमकी कोणत्या साली दिसली, हे विचारलं तर कोणी पंधरा वर्षं म्हणतो, कोणी तीस.

गावात सुरू करायचं तर

नोंदणी, वर्गणी, पावतीपुस्तक काही लागत नाही. चार-पाच जण, एक वही, एक पेन. दुर्बीण असली तर बरी, नसली तर अडत नाही. जिल्हा परिषद शाळेतले एखादे गुरुजी किंवा बाई तयार झाल्या तर पोरांची फौज मिळते, आणि पोरांची नजर आपल्यापेक्षा तेज असते.

जागा एकच धरा. गावतळं, ओढ्याचा पूल, नाहीतर खळ्याजवळचं मोठं झाड. महिन्यातून दोनदा, सकाळी सातच्या आसपास, पंधरा मिनिटं ते अर्धा तास. समजा नोंद अशी होईल : गावतळं, सकाळी ७.०५ ते ७.२५, ढगाळ. वंचक ३, गायबगळे १४, पाणकावळे २, खंड्या १, टिटवी २, कोतवाल ४, साळुंक्या ९, वेडा राघू ६. झालं. नाव तुमच्या बोलीतलं लिहा, शेजारी पुस्तकी नाव नंतर लिहिता येतं. काही दिसलं नाही तर तसंच लिहा, तीही नोंदच.

मोबाईलवर मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, ते आवाज ऐकून पक्षी सुचवतं. ते चुकतंही, म्हणून डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका. नोंद जगाच्या यादीत टाकायची तर ईबर्ड ॲप आहे. अडलं तर १९८१ पासून काम करणाऱ्या ‘महाराष्ट्र पक्षिमित्र’ या संघटनेचे लोक जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, त्यांची दरवर्षी संमेलनंही भरतात.

काही गोष्टी करायच्या नाहीत. घरट्याजवळ जाऊन फोटो नाही, फांदी वाकवणं नाही. पक्षी यावा म्हणून मोबाईलवर त्याचा आवाज वाजवायचा नाही, विणीच्या काळात तर अजिबात नाही. घुबड कुठे बसतं हे ग्रुपवर टाकायचं नाही. अंधश्रद्धेपायी घुबडं पकडणारे अजून आहेत, आणि त्यांच्याकडेही स्मार्टफोन आहे. रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मग तो कितीही लाडाचा असो. जखमी पक्षी सापडला तर हळद लावत बसू नका. खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

शेतीला याचा फायदा होतो का, हा प्रश्न येणारच. होतो, पण सगळीकडे सारखा नाही. हरभऱ्यात आणि तुरीत काठ्या रोवून पक्षीथांबे केले की कोतवाल, साळुंक्या त्यावर बसून अळ्या टिपतात, कृषी खातंही ते करायला सांगतं. घुबड उंदीर खातं. पण पिकलेल्या भातावर मुनिया उतरल्या की नुकसानच होतं, आणि मोरांच्या बाबतीत शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. ती तक्रारही वहीत लिहावी : कोणत्या तारखेला, किती मोर, किती गुंठ्यात.

आता वही भरल्यावर ती न्यायची कुठे? २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. गावातली झाडं, पिकं, मासे, पक्षी यांची ती अधिकृत नोंद. हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा बऱ्याच ठिकाणी ही वही घाईघाईत भरली गेली. गावकऱ्यांना आपल्या गावाची वही आहे हेही अनेकदा ठाऊक नसतं. ग्रामपंचायतीत जाऊन ती बघायला मागा, पक्ष्यांचं पान उघडा, आणि त्यात टिटवी तरी आहे का ते बघा. नसेल तर तुमच्या वहीतल्या नोंदी अर्जासोबत समितीला द्या, अर्जाची पोच घ्या, आणि ग्रामसभेत विषय घेतला जाईल असं बघा.